ठिपके साफ करा

मंगळवार, ३ जून

नोल्डी सुमाकुल बोटीवरची इंजिनं सोडून आमच्या तळ्याकाठच्या गावात परत आला त्याला वर्ष होत आलं. तेवढ्या वेळात त्याने चर्चचा पंखा, व्होनीची शिलाई मशीन आणि पाळकबाईंची स्कूटर दुरुस्त करायला घेतली. तिन्ही आता कायमची शांत आहेत. आज त्याने ओपा वेम्पींचं गाणं हातात घेतलं.

ओपा म्हणजे साऱ्या वाडीचे आजोबा आणि चाळीसेक वर्षं आमच्या गायनपथकाचे मास्तर. नाताळात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गळा गेला. अख्ख्या भाषेतला एकच शब्द तोंडात शिल्लक राहिला, "पुन्हा." आमच्यासमोर उभं राहून आयुष्यभर तोच शब्द सगळ्यात जास्त वापरला, त्यामुळे तोच खोल रुतला असणार. चहा हवा, "पुन्हा." उशी सरकली, "पुन्हा." त्यांची लेक व्होनी सुरावरून अर्थ लावते.

तर पुढच्या महिन्यात सुगीच्या आभाराचा रविवार आहे. त्या दिवशी ओपांचं स्वतःचं गाणं म्हणायचं असं वाडीने ठरवलं आहे. हे गाणं त्यांनी लग्नाच्या पंचविशीला बायकोसाठी, ओमा नेलींसाठी लिहिलं. गायलं गेलं एकदाच. मग ओमांना लाज वाटली आणि ते पत्र्याच्या डब्यात गेलं. ओमा दोन वर्षांपूर्वी गेल्या. गाण्याची एकच प्रत आहे: तीन पानं, विटकरी शाई, त्यावर छपराची गळती आणि तळ्यावरच्या चिलटांची तीस-चाळीस वर्षांची वस्ती.

पाळकबाईंनी शब्द वाचले. "अहो, पण हे 'भात झाकून ठेव, मी येतोय' असं आहे. यात देव कुठे आहे?"

"भातात," तांते ग्रीचे म्हणाली. तांते म्हणजे साऱ्या वाडीची मावशी, वयाने सगळ्यांत मोठी, त्यामुळे विषय संपला.

चर्चच्या छपाईयंत्राला फक्त काळी शाई कळते. राखाडी काही दिसलं की ते पानभर काजळी ओकतं. म्हणून फोटो चालणार नाही, पीडीएफ हवी आणि तीही निखळ काळी-पांढरी, असं सचिवांनी बजावलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. नोल्डीने हात वर केला.

मी म्हटलं, "याच्यासोबत कोणीतरी शुद्धीवरचं माणूस द्या."

"एन्ची फेमीच देऊ," तांते ग्रीचे म्हणाली. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं की बाईचं नाव जातं आणि 'एन्ची' उरतं. माझी जीभ मात्र शाबूत आहे, असं ही म्हातारी जगाला सांगत असते.

शुक्रवार, ६ जून

नोल्डी लॅपटॉप घेऊन आला. सोबत धुरावर वाळवलेला काकालांग मासा, केळीच्या पानात. मी म्हटलं, काम आहे, पाहुणचार नाही. तो म्हणाला, मासा कामापुरताच आहे.

आल्या आल्या योपच्या वेताच्या खुर्चीत बसला. माझा नवरा जाऊन सात वर्षं झाली, त्या खुर्चीत मांजरसुद्धा विचारून बसतं. मी त्याला उठवून स्टुलावर बसवलं. उठताना खुर्चीचा वेत कुरकुरला. नोल्डी म्हणाला, "ही मी दुरुस्त करून देतो." मी म्हटलं, खबरदार.

प्रकार असा असतो. फोटोत काळं, पांढरं आणि मधली राखाडीची शंभर पोरंबाळं असतात. प्रोग्रॅममध्ये एक सरकती पट्टी आहे, तिचं नाव उंबरठा. उंबरठ्याच्या एका बाजूचं सगळं पांढरं होतं, दुसऱ्या बाजूचं काळं. मधल्यांना जागा नाही. आमच्या वाडीतल्या बायका माणसांबद्दल मत बनवतात ते याच तत्त्वावर.

पट्टी डावीकडे नेली तर अर्धे सूर उडाले. उजवीकडे नेली तर गळतीचे डाग तळ्यावरच्या ढगांसारखे पानभर पसरले. मधे कुठेतरी, नोल्डीची जीभ दातात आणि माझा श्वास नाकात अडकलेला असताना, गाणं वर आलं. विटकरी अक्षरं काळी कुळकुळीत झाली. खरं सांगते, अंगावर काटा आला.

"घाण राहिलीय पण," मी म्हटलं. पानभर बारीक काळे कण होते.

"त्यालाही बटण आहे." त्याने 'ठिपके साफ करा' असं लिहिलेल्या चौकोनावर खूण केली. पान लख्ख झालं.

"आणखी साफ होतं?"

"एन्ची सांगेल तेवढं होतं."

मी सांगत गेले. पान धुतलेल्या चादरीसारखं झालं. अंगण झाडण्यावरून सलग तीन वर्षं बक्षीस घेणारी वाडी आहे आमची, असल्या गोष्टींत आम्ही मागे राहत नाही.

जाताना तो म्हणाला, "शाळेत असताना तू स्वच्छ वहीला नेहमी पहिली यायचीस." चाळीस वर्षांनी ही माहिती देण्याचं कारण कळलं नाही. मासा बरा होता.

शुक्रवार, १३ जून

छापील प्रती आल्या. सचिव म्हणाले, आजवर या यंत्रातून इतकं स्वच्छ पान निघालेलं नाही. नोल्डी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, अगदी कॉलरच्या टोकापर्यंत. छपाईयंत्राला भेटायला कोण इस्त्री करतं? बोटीवरचे लोक असेच.

तालीम झाली. गाणं जरा सपाट वाटलं आणि लवकर संपलं. भात उतू जायच्या आत संपलं. तांते ग्रीचे म्हणाली, "मला आठवतं तसं हे नाही." तिला कसं आठवतं ते तिने गाऊन दाखवलं. मग अजून एकदा दाखवलं, ते पहिल्यासारखं नव्हतं. तिसऱ्यांदा आम्ही चहा आणला.

पण मनात कुठेतरी खुपलं. ज्या माणसाने आम्हाला पन्नास वेळा "पुन्हा" म्हणत सूर लावायला शिकवलं, त्याने बायकोसाठी इतकं चपटं गाणं केलं असेल? प्रेमात माणसाची अक्कल जाते हे ठाऊक आहे, कानही जातात हे नवीन.

शनिवार, १४ जून

ओपांच्या घरी जाऊन ऐकवलं. नको होतं जायला.

व्होनीने त्यांना खिडकीशी बसवलं होतं, केस विंचरून, चर्चचा कोट घालून. पहिल्या ओळीलाच त्यांचा चेहरा बदलला. "पुन्हा." आम्ही पुन्हा सुरू केलं. "पुन्हा." आम्ही हळू म्हटलं, जोरात म्हटलं, नोल्डीने खर्ज वाढवला. "पुन्हा, पुन्हा." मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

व्होनी दारापर्यंत आली. "एन्ची, राग मानू नका. पण ते डोक्यात तेवढं एक धरून बसलेत. आईचं गाणं ऐकायचं आणि मग काय व्हायचं ते होऊ दे, असं. मला कळतं त्यांचं." मग म्हणाली, "चुकीचं ऐकून जायला नको त्यांनी."

वाटेत नोल्डी माझ्यासाठी फाटक धरून उभा राहिला. मी काही लागट बोलले नाही. बहुतेक सर्दी होणार आहे.

रविवार, १५ जून

देवाच्या दारात देवाने थोबाडीत मारली.

उपासनेत दुसरं स्तोत्र सुरू झालं. पुस्तक उघडलं. आम्ही इथे सूर आकड्यांनी लिहितो, एक ते सात. आकड्याच्या डोक्यावर ठिपका असला की वरचं सप्तक, पायाशी असला की खालचं, शेजारी असला की सूर तेवढा वेळ धरून ठेवायचा. पाळण्यातली पोरं हे शिकतात. मी स्वतः दुसरीच्या पोरांना फळ्यावर शिकवते आणि ठिपका विसरला तर कान धरते.

'ठिपके साफ करा.'

पुस्तकातले ठिपके माझ्याकडे बघत होते. मी मान वळवली. पुरुषांच्या रांगेत नोल्डी उघड्या तोंडाने गायचा थांबला होता आणि तोही माझ्याचकडे बघत होता. आम्ही दोघांनी मिळून ओपांच्या गाण्याचे हात, पाय, डोकं झाडून काढलं होतं आणि वर पाठ थोपटून घेतली होती. वरचे सूर खाली आले, खर्ज वर आला, धरून ठेवायचे सूर पळत सुटले. माणूस बिचारा "पुन्हा" शिवाय काय म्हणणार!

मला हसू आलं. म्हणजे आधी हसू आलं. तांते ग्रीचेने रुमाल पुढे केला.

मंगळवार, १७ जून

खूण काढली. सगळे ठिपके परत आले. अडचण अशी, की सगळे आले. सूर, गळतीचे शिंतोडे, डब्याचा गंज आणि चिलटं. काळ्या-पांढऱ्यात सगळ्यांची जात एकच, गोल आणि काळी. एका 'पाच'च्या डोक्यावर तीन आणि पायाशी दोन. असा सूर फक्त डुकराला कापताना निघतो.

"बोटीवर असं झालं की काय करायचात?" मी विचारलं.

"इंजिन सुरू करून ऐकायचो."

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघालेलं पहिलं शहाणं वाक्य असेल. ऐकवायचं. एकेक ठिपका ओपांना ऐकवायचा.

शनिवार, २८ जून

गेले बरेच दिवस लिहिलं नाही. रोज शाळा सुटली की ओपांच्या घरी.

पद्धत बसली आहे. मूळ पानावर विटकरीवर विटकरी, ओपांना काही दिसत नाही. म्हणून नोल्डी काळं-पांढरं पान पडद्यावर मोठं करतो. मी तो सूर ठिपक्यासह गाते, मग ठिपक्याशिवाय. ओपांचं डाव्या हाताचं बोट चालतं. बोट वर, वरचं सप्तक. बोट खाली, खालचं. बोट आडवं हललं, चिलट. नोल्डी चिलटाला पुसतो आणि प्रत्येक वेळी म्हणतो, "ईश्वर त्याच्या आत्म्याला शांती देवो." पहिल्या दिवशी ओपा हसले. तोंडाची एकच बाजू हसते, पण हसली.

ते आता जेवतात, व्होनी सांगते. आम्ही यायच्या वेळेला केस विंचरून मागतात. म्हणजे "पुन्हा" म्हणतात.

गाणं हळूहळू उभं राहतंय आणि त्यात चपटं काहीच नाही. पुरुष तळ्यापलीकडून वल्हवत येतात, सूर खाली पाण्यात, "भात झाकून ठेव, मी येतोय." आणि अलीकडून एकटी बाई उत्तर देते. ओमा नेलींची ओळ. ती कोण म्हणणार म्हणून आमच्या सोप्रानोंमध्ये, म्हणजे उंच सुरांच्या बायकांत, दोन गट पडले होते. परवा दोघींना ओपांपुढे उभं केलं. त्यांनी दोघींना नीट ऐकून घेतलं आणि बोट केलं ते मागे, पडद्याशेजारी बसलेल्या माझ्याकडे.

मी वीस वर्षं खालच्या सुरांच्या बायकांत, मागच्या रांगेत, खांबाआड गाते. योप गेल्यापासून तर ओठच हलवते, हे फक्त खांबाला माहीत आहे. "ओपा, माझा गळा गंजलाय," मी म्हटलं.

"गंज काढता येतो," नोल्डी म्हणाला.

"तू मधे बोलू नकोस. पंखा आठव."

"पुन्हा," ओपा म्हणाले, आणि मला गावं लागलं.

मंगळवार, १ जुलै

ओपांना ताप आणि खोकला. व्होनीने सकाळी तोंडानोच्या दवाखान्यात नेलं.

तिसरं पान जवळजवळ झालं होतं. काल शेवटच्या ओळीशी आलो आणि ते बसल्या बसल्या झोपले. उरला एकच ठिपका, नेमका शेवटच्या सुरावर. "भात झाकलाय, ये." त्या 'ये'वर एकचा आकडा आणि त्याच्या डोक्यावर ठिपका. ठिपका चिलट असेल तर बाईचा आवाज खाली घरी येऊन बसतो. सूर असेल तर तो एकटाच वर जातो, खाली सगळे पुरुष थांबलेले.

"चिलट आहे," मी म्हटलं. "जरा तिरकं बसलंय."

"ओपांचे बरेच ठिपके तिरके आहेत."

"ओपांनी ओमांना इतक्या वर कशाला पाठवलं असतं?"

"का नाही?"

मी चहा ठेवला. सचिवांना पान उद्या हवं आहे. पथकाचं मत घेतलं. सोप्रानो वरच्या सुराच्या बाजूने होत्या, कारण त्यांना तो गायचा नाही, मला गायचा आहे. ठिपका राहिला.

नोल्डीने मासा आणला होता. मी म्हटलं, ओपा तिकडे दवाखान्यात आणि आपण इथे मासे खायचे? मग आम्ही निम्मा व्होनीसाठी बांधला आणि निम्मा खाल्ला. खुर्चीचा वेत तुटायला आला होता, कोणीतरी पडून हाडं मोडायची, म्हणून परवा ती विणून आणली. तो त्यात बसला. मला उठवायचं सुचलं नाही.

रविवार, ६ जुलै

तालीम. शेवटचा सूर आला नाही. त्याच्या खालीच कुठेतरी घसरले, ओल्या पायरीवरून घसरावं तसं. सोप्रानोंनी सहानुभूती दाखवली. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

केस कापून घेतले. सुगीच्या सणाला नीटनेटकं दिसायला हवं, बाकी काही नाही. तांते ग्रीचे म्हणाली, "छान. त्याला दिसले का?" कोणाला, ते विचारायच्या आत ती निघून गेली. म्हातारी भ्रमिष्ट होत चालली आहे.

शुक्रवार, १८ जुलै

ओपा घरी आले! बारीक झालेत, कोट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा. डॉक्टरांनी व्होनीला म्हणे सांगितलं, रविवारी बसवून न्या, पण लगेच परत आणा. मी भेटायला गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी विचारलं, ऐकायला येणार ना? "पुन्हा," ते म्हणाले. तो 'हो' होता, तेवढं आता मलाही कळतं.

शेवटच्या ठिपक्याबद्दल विचारावं असं जिभेवर आलं होतं. पण ते इतके दमले होते. आणि प्रती छापून झाल्यात. आणि खरं म्हणजे काल तो सूर लागला. घरात, भांडी घासताना. कोणी ऐकलं नाही.

शनिवार, १९ जुलै

सकाळपासून सारी वाडी धुरात. अंगणाअंगणात बांबूच्या नळ्यांत भात भाजायला लावलाय, उद्या कोणीही कोणाच्याही घरात शिरून जेवणार. मी मूळ पानं व्होनीला परत द्यायला निघाले होते. उन्हात उभी राहून शेवटचं पान एकदा डोळे भरून पाहिलं, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

ठिपक्याला पाय होते.

सहा नव्हते, चारच उरले होते, केसाहून बारीक, आणि एक पंख. काळ्या-पांढऱ्यात ते सगळं पांढरं होऊन गेलं होतं आणि फक्त पोट उरलं होतं, गोल, काळं, आकड्याच्या डोक्यावर. ओपांनी ओमांना वर पाठवलंच नव्हतं. पाठवलं ते चिलटाने.

तशीच नोल्डीच्या घरी गेले. तो अंगणात बांबू फिरवत होता. पान त्याच्या नाकाशी धरलं.

"हं," तो म्हणाला.

"हं काय? चिलट आहे हे!"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. रंगीत फोटो माझ्याकडेच होता ना."

"मग पुसलं का नाहीस? त्या माणसाला चुकीचं ऐकून जायला नको, एवढं एकच व्होनीने मागितलं होतं!"

तो बांबू फिरवत राहिला. एक बाजू करपली तरी फिरवत राहिला. "सातवीत असताना तू हा सूर लावायचीस," तो म्हणाला. "नाताळच्या गाण्यात. मग मी बोटीवर गेलो. तिथे इंजिनाच्या खोलीत काही ऐकू येत नाही, कानाला बोळे लावतात. तरी तो यायचा." मग म्हणाला, "मला वाटलं एकदा ऐकावा. चूकच केली. उद्या तू खालचा म्हण, कोणाला कळणार नाही."

मी म्हटलं, तुझ्यासारख्या माणसाच्या हाती शिलाई मशीनसुद्धा देऊ नये. आणि घरी आले.

संतापाने अक्षर बघ कसं आलंय. माणूस स्वतःच्या एका लहरीपायी दुसऱ्याच्या गाण्यात चिलट घुसवतो! इंजिनाच्या खोलीत म्हणे! उद्या खालचा सूर म्हणणार. ओपांनी लिहिलाय तो. ठरलं.

कानाला बोळे लावून.

रविवार, २० जुलै

लिहून ठेवते, नाहीतर तांते ग्रीचेच्या तोंडून उद्या तीन तऱ्हांनी ऐकायला मिळेल.

ओपांना पहिल्या बाकावर बसवलं होतं, व्होनी शेजारी, मागे उश्या. चर्चमध्ये भाताच्या लोंब्या, भोपळे, केळीचे घड, वेदीपाशी पाय ठेवायला जागा नाही. मी खांबापुढे. केस वाऱ्याने उडत होते, कारण पंखा चालू होता. कोणी आणि कधी दुरुस्त केला, देव जाणे. म्हणजे मला माहीत आहे.

पुरुष निघाले, तळ्यापलीकडून. ओपांचं डावं बोट मांडीवर चालू लागलं, ते प्रत्येक ठिपक्यापाशी आमच्याआधी पोहोचत होतं. वर, खाली, थांब. एकदाही "पुन्हा" नाही. व्होनी रडत होती. मी माझी ओळ म्हटली. तिथवर सगळं खरं होतं, ओपांनी लिहिलं तस्सं.

मग शेवटची ओळ आली. 'भात झाकलाय.' खाली यायचं ठरलेलं होतं. मी ओपांकडे बघितलं, ते डोळे मिटून होते आणि बोट खाली निघालं होतं. मी ते स्पष्ट पाहिलं. पुरुषांच्या रांगेत नोल्डीने सूर धरून ठेवला होता आणि तो जमिनीकडे बघत होता, शाळेत उत्तर चुकलेल्या पोरासारखा.

'ये' वर गेला.

मी पाठवला नाही. म्हणजे मीच पाठवला असणार, तिथे दुसरी कोणी बाई गात नव्हती. छपरापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मला सात वर्षांत माझा आवाज इतका मोकळा ऐकू आला नव्हता, तो असा आहे होय, असं वाटलं.

गाणं संपलं. ओपांनी डोळे उघडले. बोट खालीच राहिलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, गेलं, एका चिलटापायी आणि एका बाईच्या हट्टापायी सगळं गेलं.

मग बोट उचललं गेलं. सावकाश, वर. आणखी वर. हात खांद्यापर्यंत आला, डोक्याच्या वर गेला. आजारी माणसाचा हात इतका वर जातो हे व्होनीलाही ठाऊक नव्हतं.

"पुन्हा," ओपा म्हणाले.

आम्ही पुन्हा म्हटलं. पाळकबाईंचं प्रवचन राहून गेलं, त्याबद्दलही मंडळीने आभार मानले.

सोमवार, २१ जुलै

सकाळी व्होनीने बोलावलं. ओपा बिछान्यात बसले होते, उश्यांना टेकून, दमलेले पण तोंडाची ती एक बाजू अजून हसत होती. मांडीवर मूळचं शेवटचं पान. डाव्या हातात पेन्सिल, मुठीत धरलेली, पहिलीच्या पोरासारखी. चिलटाच्या शेजारी, आकड्याच्या अगदी डोक्यावर, त्यांनी स्वतः एक ठिपका काढला होता. मग चिलटाकडे बघून बोट आडवं हलवलं.

मी पान घरी आणलं. नोल्डी फाटकाबाहेर उभा होता, हातात केळीचं पान, शर्टाला इस्त्री नव्हती. आत यावं की नाही हे ठरवत होता. मी त्याला किती वेळ तसं उभं ठेवलं ते लिहीत नाही.

मग पान दाखवलं. त्याने ते उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले.

"पेन्सिल फार फिकट आहे," तो म्हणाला. "काळं-पांढरं करताना उडून जाईल. चिलट राहील आणि हा उडेल. उंबरठा नव्याने लावावा लागेल, तिन्ही पानांचा. सगळे ठिपके परत तपासावे लागतील. दिवस जातील त्यात."

"जाऊ देत," मी म्हटलं, आणि खुर्ची बाहेर आणली.